भैरोबाचा एकुलता एक मानकरी

आमच्या गावच्या जत्रेत एका वर्षी सगळेच्या सगळे सात मान एकाच माणसाकडे होते. हा माणूस गावचा नव्हता, भावकीतला नव्हता, मटणाच्या नुसत्या वासानं त्याला मळमळायचं आणि देवळाच्या पायऱ्या तो छत्री टेकत चढायचा. हे कसं घडलं ते मी सांगू शकतो, कारण तेव्हा गावात उरलेल्या थोड्या लोकांत मी होतो आणि जत्रेच्या वर्गणीची पिशवी माझ्या गळ्यात होती.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून. रस्ता आणि गाव यांच्यामध्ये ओढा, आणि तीच गावाची शीव. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले तशी मुंबईच्या एका सेठनं आमच्याकडे जमीन घ्यायला सुरुवात केली. सेठला आम्ही कधी पाहिलं नाही. त्याचा मुनीम तेवढा यायचा. पन्नाशीचा, हडकुळा, गळ्यात तुळशीची माळ, हातात बाराही महिने छत्री. तो वावरात शिरायचा, छत्रीचं टोक मातीत खुपसायचा आणि ते किती खोल जातं त्यावरून बोलणी करायचा. सेठला इथं काय करायचंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे कारखाना, कुणी म्हणे संत्र्याची बाग. ओढ्यालगतची काळी जमीन, विहिरी, खळी, सगळं त्यानं एका सलग पट्ट्यात घेत आणलं. माझ्या माळावरही तो आला होता. छत्री खुपसली, ती खडकाला लागून वाकली. ती सरळ करत तो "बघू" म्हणाला आणि गेला. मी जमीन विकली नाही म्हणून पुढं काही लोकांनी माझं कौतुक केलं. ते मी ऐकून घेतलं, पण खरं कारण ती छत्री आहे.

पहिली जमीन विकली ती माझ्या थोरल्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांना कुणाचं देणं नव्हतं, की कुणी जबरदस्ती केली नव्हती. मुलगा पिंपरीला कारखान्यात लागला, दोन्ही बैल म्हातारे झाले, आणि कांद्याला पाणी देताना एकदा आबा पाटात बसले ते दुसऱ्यानं उठवेपर्यंत उठले नाहीत. त्यांनी विचार केला, जमीन दिली, वर सेठला हवं म्हणून घरही दिलं, आणि मुलाच्या खोलीत राहायला गेले. मला तो व्यवहार चोख वाटला होता आणि आजही वाटतो.

फक्त मानाचा विचार कुणी केला नव्हता.

आमच्या भैरोबाचे मान सात घरांत वाटलेले होते. पालखीचे चार खांदे चार घरांचे. दिवटीचं तेल एकाचं. बोकड पाटलाचा. आणि काठी आबांची. काठी म्हणजे दोन पुरुष उंचीवर आणखी दोन पुरुष चढवले तर होईल एवढा लांब वेळू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा झुबका. मानकऱ्यानं ती कमरेच्या पट्ट्यात रोवून देवळाला पाच फेरे घालायचे. चार बाजूंनी चार दोर असतात, ते कुणीही धरतो, त्याला मान नाही. काठी मात्र आबांच्या आधी त्यांच्या वडिलांनी धरली आणि त्यांच्या आधी त्यांच्या. सातही मानकरी देवळाच्या ओट्यावर बसतात आणि जत्रेबद्दल काय ते ठरवतात. बाकीचे ओट्याखाली उभे राहून ऐकतात. माझ्या बापजाद्यांना कोणताच मान नव्हता. त्यामुळं मी चव्वेचाळीस वर्षं खाली उभा आहे. खालून एक फायदा असतो, सगळ्यांची तोंडं दिसतात.

आबांनी जमीन विकली त्याच वर्षीच्या चैत्रात ते पिंपरीहून जत्रेला आले. काखेत बोचकं, बोचक्यात पागोटं. ओट्यावर बसले तर पाटलानं विचारलं, तुमी हितं कसं? आबा म्हणाले, कसं म्हंजे, काठी उचलाया. मग तासभर वाद झाला. पाटलाचं म्हणणं असं, की मान वावराचा असतो. वावर राखतो तो देवाला राखतो. वावर गेलं, मान गेला. आबा म्हणत होते, मान घराण्याचा, वावराला काय समजतंय. दोन्हीत तथ्य असेल नसेल, पण खरी गोष्ट अशी होती की काठी आपण धरावी असं पाटलाला लहानपणापासून वाटत होतं. बोकडाच्या मानात दोरी धरून उभं राहण्यापलीकडं काही नाही, आणि त्यात बोकडाकडंच सगळ्यांचं लक्ष असतं. बाकीच्यांच्या मनात आबांच्या हाती पडलेल्या रकमेची खरूज होती. हात वर झाले. सहा विरुद्ध एक. ठराव झाला, जमीन ज्याची मान त्याचा. मालक हजर नसेल तर गावानं चालवून घ्यावा. मालक मुंबईत बसलेला, तो कशाला येतोय. त्याच दुपारी पाटलानं काठी धरली.

आबा तोवर ओढ्यापलीकडं जाऊन बसले होते. मी गेलो तर म्हणाले, "काठी माझ्या कमरेला लागंस्तवर मी शीव वलांडायचा न्हाई. जा तू, तुझी पिशवी सांभाळ."

पुढच्या वर्षीही ते आले. एस्टीनं रस्त्यावर उतरले, ओढ्यापलीकडच्याच बाभळीखाली बसले, बोचकं मांडीवर. तिथून देऊळ दिसत नाही, पण काठी उभी राहिली की घरांच्या वर तिचं टोक दिसतं. ते टोक पाच वेळा फिरलेलं पाहायचं, आमच्या हिनं पाठवलेली भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. ही म्हणाली, एवढा खर्च करून टोक बघायला यायचं, त्यापेक्षा एखादा बांबू पिंपरीतच उभा करावा. पण भाकरी तिनंच बांधून दिली होती, वर ठेचा.

आता ठराव करणाऱ्या सहांचं काय झालं ते. पालखीच्या पहिल्या खांद्यानं ठरावाच्या वर्षीच पावसाळ्यात जमीन दिली. आबांना आला त्यापेक्षा भाव चढला होता. मग दुसऱ्या खांद्याला झोप लागेना. तेलवाला देऊन मोकळा झाला आणि पुण्याला वखारीत भागीदार झाला. तिसरा खांदा देणार नाही म्हणाला, मग चौथ्यानं दिली हे कळताच मुनीमाच्या मागं चालत चाकणपर्यंत गेला. सगळ्यात शेवटी पाटील. त्यानं सगळ्यांना जमिनीचं महत्त्व पटवून दिलं, सगळ्यांत जास्त भाव घेतला आणि पुण्यात सायकलचं दुकान टाकलं. त्यांच्यामागं बाकीचेही देऊन गेले आणि दोन वर्षांत गाव रिकामं झालं. तिसऱ्या जत्रेला गावात चूल पेटणारी घरं नऊ होती, पूर्वी एक्केचाळीस होती.

रिकाम्या घरांबद्दल लोक फार हळवं बोलतात. आमच्या गल्लीत तशी सात घरं होती, म्हणून मी जे पाहिलं ते सांगतो. पहिल्या महिन्यात कौलं जातात. ती चोर नेत नाहीत, शेजारी नेतात, कारण त्यांचीही गळत असतात. मग पत्रा, मग खुंट्या. जातं जड असतं म्हणून राहतं. एका घरात कुत्री व्याली, दुसऱ्यात मुनीमानं कडब्याच्या पेंढ्या रचल्या. उरलेल्यांना त्यानं एकसारखी कुलपं लावली आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. चालायला लागला की बैलाच्या घुंगरांसारखा वाजायचा. जत्रेला मंडळी आली की मुनीमापुढं उभं राहून स्वतःच्याच घराची तीन दिवसांसाठी किल्ली मागायची. तो द्यायचा. रात्री चूल विझवली का ते मात्र प्रत्येकाच्या दारात जाऊन पाहायचा.

तर ती तिसरी जत्रा. चार दिवस आधी मुनीमानं मला विचारलं की हे मान म्हणजे काय असतं. मी सांगितलं. मग त्यानं विचारलं की ते खरेदीत आले का. मी म्हटलं, गावाचा ठराव आहे, जमीन ज्याची मान त्याचा, तेव्हा आले. यात माझं काही चुकलं असं पुढं बऱ्याच जणांनी म्हटलं. पण त्यानं विचारलं होतं आणि उत्तर मला माहीत होतं. मुनीमानं छत्री काखेत मारली. मग म्हणाला, सेठ घेतलेली वस्तू सोडत नाहीत, आणि सेठचा माणूस म्हणून मी इथं हजर आहे.

जत्रेच्या सकाळी पाटील पुण्याहून नवं कोरं पागोटं बांधून आला, बाकीचे पाचही आले. ओट्यावर चढायला लागले तर वर मुनीम बसलेला. डोक्याला पागोटं, ते कुणी बांधून दिलं होतं कोण जाणे, एका कानावर उतरलं होतं. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली उभं राहायला सांगितलं.

पाटील म्हणाला, "मुनीमजी, वावार इकलं. मान काय त्याच्यासंगं इकला व्हय?"

"मला काय माहीत, पाटील? मी आत्ता आलो. ठराव तुमचाच आहे ना?"

"मंग त्यो आमी आज मोडतो."

मुनीमानं माझ्याकडं पाहिलं. ठराव कोण मोडू शकतं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मानकरी. मानकरी कोण, तर ज्याच्याकडं मानाची जमीन आहे तो. हजर किती? मी मोजायची गरज नव्हती, पण मोजलं. एक.

हे सगळ्यांच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. तेलवाल्याच्या डोक्यात सगळ्यात आधी उतरलं असावं, कारण तो खाली बसला. मुनीमानं विचारलं, ठराव मोडावा असं कोणाला वाटतं, आणि ओट्यावर डावीउजवीकडं पाहिलं. तिथं तोच होता. मग ठराव राहावा असं म्हणून त्यानं आपला हात वर केला. मी आजवर पाहिलेली ही एकच सभा, जी बिनविरोध झाली आणि वेळेत संपली.

त्यानं कामाला सुरुवात केली. बोकड बंद. माळकरी माणूस मी, म्हणाला, माझ्या हातून हे व्हायचं नाही, कोहळा कापू. आता मुंबई-पुण्याहून मंडळी आली होती ती दर्शनाला आली होती असं मी समजत नाही. बायकांनी मसाले वाटून ठेवले होते. बोकड माझ्याच अंगणात बांधलेला होता, त्यानं काय ऐकलं कुणास ठाऊक, हिच्या पातळाचा पदर खायला लागला. जमिनी गेल्या तेव्हा गावात जेवढी हळहळ झाली नव्हती तेवढी कोहळ्यावरून झाली. एक खांदा म्हणाला, ह्यापरास सेठनं देऊळ बी घ्यायचं व्हतं. मुनीम म्हणाला, चौकशी केली होती, ते इनामात आहे.

मग पालखी. चारही खांदे त्याचे, आणि माणूस एक. त्यानं पालखी बैलगाडीत ठेवायची सूचना केली तेव्हा गुरवानं अंगात आल्यासारखं केलं. शेवटी ठरलं की ज्यांना कधीच मान नव्हता अशांनी सेठच्या वतीनं खांदा द्यावा. त्या चौघांत मी होतो. एवढ्या पिढ्या ज्यासाठी भांडल्या ती पालखी मी त्या दिवशी पहिल्यांदा खांद्यावर घेतली. ती जड आहे, दांडा एका बाजूला बाकदार आहे आणि उजव्या बाजूच्याला सगळा भार येतो. मी उजवीकडं होतो. खांद्यावर पडलेला वळ ही आठवडाभर शेकत होती.

राहिली काठी. ती मुनीमाला स्वतः धरायची होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस, त्याला ढोल आपल्यासाठी वाजतोय हे आवडलं होतं आणि मी त्याला नावं ठेवत नाही. त्यानं छत्री माझ्याकडं दिली, पट्टा कसला, काठी पट्ट्यात रोवली. ती क्षणभर उभी राहिली. मग सावकाश, सगळ्यांना बाजूला व्हायला पुरेल एवढ्या सावकाश, नगारखान्यावर आडवी झाली. कौलं फुटली. मुनीम बसला होता तिथंच बसून म्हणाला, अजून कोणाला येतं?

पाटील पुढं झाला. मी दोन वर्सं धरलीय, म्हणाला.

"तुम्ही ठराव केलात," मुनीम म्हणाला. "ज्यांनी केला त्यांनी पाळावा. ठरावाला हात वर न केलेला कोण आहे?"

मी म्हटलं, एक आहे. ओढ्यापलीकडं बसलेत.

मुनीम उठला, माझ्याकडून छत्री घेतली आणि निघाला. मागून मी, माझ्या मागून अर्धी जत्रा. आबांनी काठीचं टोक वर आलेलं आणि गायब झालेलं पाहिलं होतं. ते उभे राहिले होते. बाभळीच्या बुंध्याला एक हात, दुसऱ्यात बोचकं. मुनीम ओढ्यात उतरला, पाणी घोटाभर होतं, धोतर वर धरून पलीकडं गेला आणि त्यानं येण्याची विनंती केली.

"ठराव मोडला का?" आबांनी विचारलं.

"नाही. काठी सेठची आहे. मी सेठचा माणूस. मी सांगतो, तुम्ही धरा."

"म्हंजी मी तुमचा गडी."

मुनीम खोटं बोलला असता तर चाललं असतं, आम्ही सगळे तेच ऐकायला उभे होतो. पण तो हो म्हणाला.

आबा खाली बसले. तीन वर्षं हा माणूस इथं येत होता, मानानं बोलावणं येईल म्हणून, आणि आलं ते असं. पाटील अलीकडच्या काठावरून ओरडला की असल्या कामाला हात लावू नका आबा, गावाची अब्रू जाईल. माझी खात्री आहे, तो गप्प बसला असता तर आबा त्या दिवशी उठले नसते. त्यांनी पाटलाकडं पाहिलं, त्याच्या पागोट्याकडं पाहिलं, आणि मुनीमाला म्हणाले, "गड्याला मजुरी असती."

"किती?"

"कांदं काढायला देता ती. आन दुपारची भाकर."

मुनीम म्हणाला, भाकरी देईन, कालवण कोहळ्याचं असेल. आबांनी त्यावर थोडा विचार केला आणि चालंल म्हणाले. बोचकं त्यांनी हिच्याकडं दिलं. उघडलं नाही. मी म्हटलं, पागोटं बांधा की. म्हणाले, "गड्याला कशाला पागोटं? ऱ्हाऊ दे तिच्याकडंच." डोक्याला पंचा गुंडाळला आणि शीव ओलांडून आत आले.

काठी त्यांनी लगेच उचलली नाही. पट्टा पाहिला, मुनीमानं उलटा बांधला होता. दोराला माणसं हवी होती. दोराला मान नाही, म्हणून मुनीमाची हरकत नव्हती, आणि दुसरं कुणी तगडं शिल्लक नव्हतं. एक दोर पाटलानं धरला, बाकीचे तीन जुन्या खांदेकऱ्यांनी. काठी उभी राहिली. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्याला आबांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. तिसऱ्याला देवळामागच्या उतारावर काठी झुकली, पाटलाचा दोर सैल पडला. त्याचं नवं पागोटं डोळ्यांवर आलं होतं आणि तो ते सारखं करत होता.

"पाटला, ताण धर नीट," आबा म्हणाले. "काठी पडली तर माझी रोजंदारी कापत्याल."

पहिल्यांदा ढोलवाला हसला. मग गुरव. मग बायका. पाटलानं पागोटं काढून देवळाच्या कठड्यावर ठेवलं आणि दोर दोन्ही हातांनी धरला. चौथ्या फेऱ्यात आबांचा श्वास मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता. यंदा जत्रेला आलेला त्यांचा मुलगा म्हणत होता आबा बास, मुनीम म्हणत होता तीनही चालतील. पाचवा फेरा संपायला पहिल्या चारांएवढा वेळ लागला. मध्ये ते दोनदा थांबले. दोन्ही वेळा ढोलही थांबला. फेरा पुरा करून त्यांनी काठी देवळाला टेकवली आणि जेवायला कुठं बसायचं ते मुनीमाला विचारलं.

जेवायला बसले न बसले तोच त्यांनी भाकरी दुसऱ्यांदा मागितली. कोहळा त्यांना आवडला नाही, तसं ते म्हणाले. मजुरी मुनीमानं सगळ्यांसमोर दिली, त्यांनी सगळ्यांसमोर मोजली, कनवटीला लावली. मी वर्गणीतून वर काही देऊ का असं हळूच विचारलं तर म्हणाले, ठरलंय तेवढंच.

बोकड त्या रात्री वाचला आणि पुढं आठ महिने त्यानं माझी मेथी खाल्ली.

संध्याकाळी रस्त्यावर एस्टीची वाट पाहत आम्ही उभे होतो. मुनीमही सोडायला आला होता, पागोटं उतरवून, कानाच्या वर लाल वळ. आबांनी त्याला विचारलं, पुढल्या वर्षी काम हाय का. मुनीम म्हणाला, सेठला विचारावं लागेल, पण असेल. मग जरा अवघडून म्हणाला की दुपारपासून आणखी पाच जण विचारून गेलेत. पालखीच्या खांद्यांना मजूर लागतील का, दिवटीला माणूस हवाय का. पाटील तर म्हणाला, दोर धरायला पुढच्या वर्षी फुकट येतो.

"फुकट नको," आबा म्हणाले. "फुकट आला तर ढिला धरंल. त्याला बी रोज द्या, माझ्यापरास दोन आणे कमी."

मुनीमानं मान डोलावली. गाडी आली, आबा चढले आणि मागच्या काचेतून गावाकडं न पाहता पुढं बसले, कारण पुढं हादरे कमी बसतात.